भाऊबंदकी म्हणावी काय ?

आमच्या कोपरगांवांत भाऊबंदकी हा शब्द कोणास शिकवावा लागत नाहीं. गोदावरीच्या कांठीं राघोबादादांचा वाडा आहे, आणि त्या बाजूस खेळावयास गेलेल्या प्रत्येक मुलास घरच्या कोणी ना कोणी वडील माणसानें ती हकीकत सांगितलेली असते. १७७३ सालीं शनिवारवाड्यांत झालेला पुतण्याचा खून, १७७५ सालीं सुरतेस इंग्रजांशीं केलेला तह, सालबाईच्या तहानंतर महिना पंचवीस हजारांच्या नेमणुकीवर या गांवीं येऊन राहणें, आणि १७८३ च्या अखेरीस येथें झालेला शेवट. घरांत वाटणीचा विषय निघाला कीं आमची आजी एवढेंच म्हणे, "वाड्याकडे बघून बोला." त्या एका वाक्याचा गुण असा आला कीं, आम्हां तिघां भावांच्या शेतांची वाटणी कागदावर झाली तरी चूल आजतागायत एकच आहे.

त्यामुळें २०२२ च्या फेब्रुवारीच्या २४ तारखेस रशियाचें सैन्य युक्रेनमध्यें शिरल्याची बातमी आली, तेव्हां आमच्या दादांनीं चष्मा काढून ठेवीत जो निकाल दिला, त्याचें कोणास नवल वाटलें नाहीं. "अरे, ही भाऊबंदकी आहे," ते म्हणाले, "थोरल्या पातीचें आणि धाकट्या पातीचें भांडण. चार दिवसांत मिटेल. बाहेरच्यांनीं मध्यें पडूं नये म्हणजे झालें." आम्हींहि मान डोलाविली. एरवीं हा निकाल ओसरीवरच विरून गेला असता; परंतु त्या धाकट्या पातीच्या खारकीव्ह शहरांत, रशियाच्या सरहद्दीपासून अवघ्या चाळीस किलोमीटरांवर, आमच्या धाकट्या भावाचा मुलगा वैद्यकीचें चौथें वर्ष शिकत होता.

आपल्याकडील खासगी वैद्यकीय महाविद्यालयांची फी ऐकून ज्या मध्यम स्थितीच्या कुटुंबांनीं तिकडची वाट धरली, त्यांतलेंच आमचें एक. कांहीं बँकेचें कर्ज, कांहीं भावाची शिल्लक, आणि कमी पडलें तर आपल्या वांट्याचें नदीकांठचें शेत विकूं, असें दादांचें आश्वासन. एवढ्या शिदोरीवर पोरगा गेला.

येथें आम्हांस आमच्या भावजयीविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. त्या गोव्याच्या, मडगांवच्या. त्यांच्या लग्नांत पंगतीस बसलेलीं माणसें हंसविण्याच्या भरांत आम्हींच म्हटलें होतें, "कोंकणी म्हणजे दुसरें काय, सर्दी झालेली मराठी !" मंडळी पोट धरून हंसली. नवी सूनहि मान खालीं घालून हंसली, असें आम्हांस त्या वेळीं वाटलें. पुढें पंचवीस वर्षें त्या आमच्याशीं अशी नगरी मराठी बोलल्या कीं पाहुण्यास संशयहि येऊं नये; मात्र मुलाशीं स्वयंपाकघरांत आणि आजोळच्या सुटींत बोलणें चाले तें त्यांच्या भाषेंत. आम्ही त्यास 'तुमचें तें गोड मराठी' म्हणत असूं, आणि आपण मोठें औदार्य दाखविलें असें समजत असूं.

लढाई सुरू झाल्यावर त्या आठवड्यांतील एका रात्रीं पोराचा फोन आला. खारकीव्हमध्यें तो राहत होता त्या इमारतीच्या तळघरांतून तो बोलत होता. यंत्र ओसरीवर मधोमध ठेवून, सर्वांस ऐकूं येईल असा आवाज मोठा केला होता. दादांशीं तो चार वाक्यें बोलला, "ठीक आहे, मोठे काका, काळजी नको." मग त्याच्या आईनें यंत्राशीं तोंड नेलें आणि तो एकदम कोंकणींत बोलूं लागला. भराभर, पांच मिनिटें. सारें घर कानांत प्राण आणून ऐकत होतें. पंचवीस वर्षें जिला आम्ही आपलीच बोली म्हणत आलों, तिच्यांतले 'आवय', 'रात', 'कागद' असे सुटे शब्द आम्हांस कळले. धड वाक्य एकहि कळलें नाहीं. फोन बंद झाल्यावर दादांनीं विचारलें, "काय म्हणाला?" त्या म्हणाल्या, "जेवला आहे. आतां झोंपतों म्हणाला."

मार्चच्या पहिल्या तारखेस खारकीव्हमध्यें कर्नाटकांतील एक विद्यार्थी मारला गेला. दुसऱ्या दिवशीं आपल्या वकिलातीचा हुकूम निघाला कीं, वाहन मिळो न मिळो, भारतीयांनीं पायीं चालत कां होईना, त्याच संध्याकाळच्या आंत शहर सोडावें आणि पिसोचीन वगैरे जवळचीं गांवें गांठावीं. आमचा पोरगा बर्फांतून पिसोचीनपर्यंत चालत गेला, तेथें कांहीं रात्री काढल्या, मग बस, मग सरहद्द, मग सरकारनें धाडलेलें विमान. आणि शेवटीं मनमाडमार्गें कोपरगांव स्टेशनांत उतरला तेव्हां त्याच्या पाठीवर एक पिशवी होती आणि पायांत दुसऱ्याचे बूट होते. या प्रवासाविषयीं तो फारसें बोलत नाहीं, म्हणून आम्हीहि येथें अधिक लिहीत नाहीं.

आल्यावर पंधरा दिवस तो गप्पच होता. एके संध्याकाळीं दादांनीं बातम्या ऐकतां ऐकतां पुन्हां तोच शब्द उच्चारला. तेव्हां तो शांतपणें म्हणाला, "मोठे काका, भाऊबंदकी म्हणूं नका. भांडण त्या शब्दावरच आहे."

दादांना असें तोंडावर कोणी बोलत नाहीं. ते रागावले नाहींत, इतकेंच नव्हे तर "कसें तें सांग" म्हणाले.

त्यानें आपल्या घरमालकिणीची गोष्ट सांगितली. बाई साठी उलटलेली, जन्मभर घरांत रशियन बोललेली. खारकीव्हमध्यें पुष्कळांची तीच रीत. कपाटांत पुश्किन, देवघरांत रशियन पद्धतीच्या मूर्ति. तिची सख्खी बहीण सरहद्दीपलीकडे बेलगोरोदला दिलेली. तोफा सुरू झाल्यावर तिनें बहिणीला फोन केला कीं आमच्या गल्लींत बाँब पडताहेत. बहीण म्हणाली, तसें होणें शक्य नाहीं. आमचें सैन्य घरांवर मारा करीत नाहीं, तुमचेच लोक करीत असतील. आणि आपण सारीं एकच तर आहोंत. बाईनें फोन खिडकीबाहेर धरून आवाज ऐकविला. बहीण म्हणाली, दूरचित्रवाणीवर असें कांहीं नाहीं. त्या दिवसापासून म्हातारीनें युक्रेनियन बोलण्यास सुरवात केली. अडखळत, चुकत, शेजारच्या मुलीस शब्द विचारीत.

बोलण्याच्या ओघांत त्यानें आणखी एक बारकावा सांगितला, तो आम्हां देशावरच्या लोकांस चटकन् उमगला. रशियन माणूस जुन्या संवयीनें 'युक्रेनवर' म्हणतो, जसें एखाद्या मुलखाविषयीं म्हणावें तसें. युक्रेनियन म्हणतो 'युक्रेनमध्यें' म्हणा. आपण 'देशावर राहतों' म्हणतों तेव्हां सह्याद्रीच्या अलीकडचा मुलूख मनांत असतो, आणि 'देशांत राहतों' म्हणतों तेव्हां राष्ट्र. एका प्रत्ययांत एवढें अंतर !

त्या रात्रीपासून आम्हीं जें मिळेल तें वाचावयास घेतलें. वाचतांना मनांत आजीचें वाक्य असे. भाऊबंदकी म्हटली कीं एक मूळ पुरुष हवा आणि एक वडिलार्जित मिळकत हवी. रशियाचें म्हणणें असें कीं, मूळ पुरुष कीव्हचा. ९८८ सालीं कीव्हच्या राजानें ख्रिस्ती धर्म घेतला, तोच आमच्या धर्माचा आणि राज्याचा आरंभ. तो व्लादिमीर आमचा. युक्रेनियन म्हणतात, त्याचें नांव व्होलोदिमीर, आणि तो ज्या नगरींत नांदला ती आमची राजधानी. मॉस्कोचें नांव बखरींत प्रथम येतें तें ११४७ सालीं, कीव्हचें वैभव जुनें झाल्यावर. १२४० सालीं मोंगलांनीं कीव्ह धुळीस मिळविलें, आणि त्यानंतर चार शतकें या दोन मुलखांचे धनी निराळे. मॉस्को मोंगल खानांची मांडलिकी करीत आणि पुढें ती झुगारून वाढलें. कीव्हकडचा प्रदेश लिथुएनिया व पोलंड यांच्या छत्राखालीं राहिला. चार शतकें म्हणजे देवगिरीच्या यादवांपासून शिवछत्रपतींपर्यंतचा काळ. एवढ्या काळांत एका भाषेच्या दोन भाषा झाल्या तर त्यांत कोणाचा अपराध?

तिकडचे कोसॅक लोक आम्हांस आपल्या बारगिरांसारखे वाटले. घोडा, भाला, आणि कोणाचें ऐकून न घेण्याची संवय. १६४८ सालीं ख्मेलनित्स्की नांवाच्या त्यांच्या पुढाऱ्यानें पोलंडविरुद्ध बंड उभारलें. (त्या बंडांत हजारों यहुद्यांची कत्तल झाली, हेंहि त्या वीराच्या पुतळ्यासमोर उभें राहून विसरतां येत नाहीं.) पोलंडपुढें निभाव लागेना, तेव्हां १६५४ सालीं पेरेयास्लाव्ह येथें कोसॅकांनीं मॉस्कोच्या झारचें छत्र पत्करलें. येथें एक प्रसंग घडला, आणि आमच्या मतें साऱ्या पुढील इतिहासाचें बीज त्यांत आहे. कोसॅक म्हणाले, आम्ही झारशीं इमान राखण्याची शपथ घेतों. झारच्या वतीनें तुम्ही आमचे हक्क राखण्याची शपथ घ्या. पोलंडच्या राजापाशीं तशी रीत होती. झारचा वकील म्हणाला, आमचा झार प्रजेपुढें शपथ घेत नसतो. पुष्कळ बोलाचाली होऊन अखेर शपथ एकाच बाजूनें झाली. एकानें त्यास करार मानला, दुसऱ्यानें शरणागति. कागद एकच, वाचन दोन ! आमच्या तालुक्याच्या कचेरींत असले दावे पिढ्यान् पिढ्या चालतात. तेथें तर राज्यांचा मामला.

पुढचा क्रम सरळ आहे. १७६४ सालीं कोसॅकांचें स्वतःचें राज्यपद मोडलें. १७७५ सालीं, म्हणजे राघोबादादा सुरतेस सही करीत होते त्याच वर्षीं, महाराणी कॅथरिननें कोसॅकांचा झापोरिझ्झ्याचा तळ उद्ध्वस्त केला. १७८३ सालीं, ज्या वर्षीं आमच्या गांवीं दादासाहेबांनीं डोळे मिटले, क्रिमिया रशियानें खालसा केला आणि युक्रेनमधील शेतकरी जमिनीशीं जखडले गेले. या योगायोगांत अर्थ कांहीं नाहीं. पण सनावळी पाठ असलेल्या माणसास असल्या जागा अडकवून ठेवतात खऱ्या.

आम्हांस अधिक लागलें तें भाषेचें प्रकरण. तारास शेव्हचेन्को हा त्यांचा मोठा कवि जन्मला वेठबिगारांत, १८१४ सालीं. एका नामांकित चित्रकाराचें चित्र सोडतींत काढून जमविलेल्या पैशांनीं त्याची सुटका विकत घ्यावी लागली. १८४७ सालीं त्याला पकडून दूर फौजेंत धाडलें, तेव्हां खुद्द झारनें लिहिण्याची आणि चित्रें काढण्याची मनाई केली. १८६३ सालीं रशियाच्या गृहमंत्र्यानें काढलेल्या गुप्त हुकमाचा आशय असा होता कीं, अशी निराळी भाषा मुळीं नाहींच. ती आपलीच भाषा, पोलंडच्या प्रभावानें बिघडलेली. १८७६ सालीं तींत पुस्तकें छापणें आणि बाहेरून आणणें जवळजवळ बंद झालें. १८७४ सालीं आपल्याकडे चिपळूणकरांची निबंधमाला सुरू झाली होती. आम्ही परक्यांच्या राज्यांत होतों हें खरें. पण त्या परक्यांनीं कधीं असें म्हटलें नाहीं कीं, तुमची मराठी म्हणजे आमचीच इंग्रजी, फक्त सर्दी झालेली.

हें वाक्य लिहितांना आमची लेखणी थबकली, हें वाचकांपासून लपविण्यांत अर्थ नाहीं.

१९३२-३३ च्या दुष्काळाविषयीं वाचून तर दोन दिवस घांस गोड लागला नाहीं. आमचा जिल्हा दुष्काळाचा जुना धनी. १९७२ सालीं पाऊस गेला, विहिरी आटल्या, माणसें खडी फोडावयास गेलीं. परंतु सरकारनें कामें काढलीं, धान्य आणलें. तिकडे सरकारी वसुलीचे आंकडे पुरे करण्यासाठीं शेतकऱ्यांच्या घरांतलें धान्य उचलून नेलें, आणि उपाशी माणसांस गांव सोडून अन्नाच्या शोधांत जाण्याचीहि बंदी झाली. युक्रेनमध्यें पस्तीस ते चाळीस लाख माणसें मेलीं असें इतिहासकार मानतात. त्याच काळांत कझाक आणि रशियन शेतकरीहि फार मोठ्या संख्येनें मेले, त्यामुळें यामागें एक जात संपविण्याचा हेतु होता कीं काय याविषयीं पंडितांत मतभेद आहेत. २००६ सालीं युक्रेनच्या कायदेमंडळानें तो वंशसंहारच असें ठरविलें. त्याहून लागणारी गोष्ट अशी कीं, पुढें पन्नास वर्षें या उपासमारीचें नांव काढण्याचीहि तेथें चोरी होती.

दादांनीं हें सारें ऐकून घेतलें, पण त्यांचीहि बाजू होती, आणि ती उडवून लावण्याजोगी नव्हे. १९७१ सालीं सारें जग पाठ फिरवून उभें असतां आपल्या पाठीशीं कोण उभा राहिला? दादांच्या कपाटांत रशियाहून मराठींत छापून आलेलीं, गुळगुळीत कागदाचीं, स्वस्त पुस्तकें अजून आहेत. आमचीं सर्व मुलें त्यांवरच वाचावयास शिकलीं. पोरगा हंसून म्हणाला, "मोठे काका, त्यांतला गोगोल युक्रेनचा. आणि आपल्या वायुदलाचीं अँटोनोव्ह विमानें तुम्ही रशियन म्हणतां तीं कीव्हमध्यें घडलेलीं." दादा उठले, त्यांनीं गोगोल कपाटांतून काढला आणि पुन्हां तेथेंच ठेवला. दुसरीकडे कोठें ठेवावा हा प्रश्नच होता, कारण त्यानें लिहिलें रशियनमध्यें ! दोन्ही घरांनीं आपला म्हणावें असें त्या लोकांत पुष्कळ आहे. लग्नें आहेत, देवळें आहेत, हिटलरविरुद्ध एकाच खंदकांत सांडलेलें रक्त आहे. पश्चिमेकडील कांहीं युक्रेनियन त्या युद्धांत जर्मनांच्या आश्रयास गेले, आणि १९४३ सालीं त्यांच्या टोळ्यांनीं व्होलिनियांत पोलिश खेडुतांस मारलें, हेंहि खोटें नाहीं. रशियन माणूस या गोष्टी विसरत नाहीं.

१९५४ सालीं पेरेयास्लाव्हच्या तीनशेंव्या वर्षीं क्रिमिया युक्रेनच्या पदरांत घातला. एकाच छपराखालीं असतां या खोलींतून त्या खोलींत पेटी हलवावी तसें तें होतें. छप्पर उडेल असें कोणाच्या स्वप्नांतहि नव्हतें. १ डिसेंबर १९९१ रोजीं युक्रेननें मतदान केलें. स्वतंत्र व्हावें म्हणणारे शेंकडा नव्वदांहून अधिक. रशियन बोलणाऱ्या खारकीव्ह प्रांतांत शेंकडा ८६, क्रिमियांतहि निम्म्याहून जास्त. १९९४ सालीं त्यांनीं आपल्या भूमीवरचीं अण्वस्त्रें देऊन टाकण्याचें कबूल केलें आणि त्याबद्दल रशिया, अमेरिका व इंग्लंड यांनीं सरहद्दींचा मान राखण्याचें लेखी वचन दिलें. २०१४ सालीं क्रिमिया गेला, आणि पूर्वेकडे लढाई पेटली. नाटोचें कुंपण आपल्या दारापर्यंत येत आहे, अशी रशियाची तक्रार होती, व ती निखालस बनावट होती असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु २०२१ च्या जुलैमध्यें रशियाच्या अध्यक्षांनीं जो लांबलचक निबंध प्रसिद्ध केला, त्याचा मुख्य सिद्धान्त कुंपणाविषयीं नाहीं. दोन्ही लोक मूळचे एकच, हा आहे. सात महिन्यांनीं रणगाडे निघाले. धाकटा म्हणत होता, मी धाकटा नाहीं आणि भाऊहि नाहीं, मी शेजारी आहें. आणि थोरल्याच्या कानीं तेंच तेवढें शिरत नव्हतें.

हा सारा वाद चालला असतां भावजय माजघराच्या दारांत भाजी निवडीत बसल्या होत्या. त्या एकदांच बोलल्या. "भावोजी, आमच्याकडे १९६७ सालीं लोकांना विचारलें होतें. आमच्या वडिलांनीं 'नको' म्हणून मत दिलें. तुम्ही लोक रागावलांत, पण तोफा घेऊन आला नाहींत."

गोव्याचा तो कौल, १६ जानेवारी १९६७ चा, आमच्या विस्मरणांत गेला होता. महाराष्ट्रांत विलीन व्हावें म्हणणारे १,३८,१७०. वेगळें राहावें म्हणणारे १,७२,१९१. आपल्याकडील किती विद्वानांनीं त्या काळीं सिद्ध करून दाखविलें होतें कीं कोंकणी ही मराठीची बोली, सबब गोवा महाराष्ट्राचा ! त्यांतले पुष्कळ सज्जन होते आणि मनापासून प्रेमानें बोलत होते. १९७५ सालीं साहित्य अकादमीनें कोंकणीस स्वतंत्र भाषा मानलें, १९८७ सालीं गोवा राज्य झालें, १९९२ सालीं कोंकणीचें नांव घटनेच्या आठव्या परिशिष्टांत आलें. गोव्याची तुलना युक्रेनशीं तंतोतंत जुळत नाहीं, हें आम्ही जाणतों. तेथें मराठीवर जीव टाकणारे गोंयकार हजारोंनीं आहेत आणि तो वाद मुख्यतः त्यांचा आपसांतला आहे. पण पंगतींतला तो विनोद कोणा गोंयकाराचा नव्हता. तो आमचा होता.

त्यावर तीन वर्षें उलटून गेलीं. पोरानें आपलें शिक्षण दुसऱ्या देशांत जाऊन पुरें केलें. घरमालकीण कांहीं काळ पोलंडमध्यें राहून परत खारकीव्हला गेली. बहिणीचा फोन तिनें पुन्हां घेतला नाहीं, असें तो सांगतो. दादा हल्लीं बातम्या ऐकतांना नुसते "ते दोघे" म्हणतात.

गेल्या दिवाळींत दादा देवळांत गेले असतां भावजय फराळाचें ताट घेऊन ओसरीवर आल्या, तेव्हां आम्हीं इतक्या दिवसांचें मनांत राहिलेलें विचारलें. त्या रात्रीं तळघरांतून तो खरोखर काय म्हणाला होता?

त्या जरा वेळ उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणाला, बँकेच्या कर्जाचे कागद माझ्या पेटींत अगदीं तळाशीं आहेत. मी नाहीं आलों तर मोठ्या काकांना शेत विकूं देऊं नकोस. तें त्यांच्या वांट्याचें आहे. आणि हें आतां त्यांच्यादेखत मराठींत सांगूं नकोस."

ताट आमच्यापुढें ठेवून त्या आंत गेल्या. शेत दादांच्याच नांवावर आहे. यंदा त्यांत सोयाबीन होतें.